नाशिकच्या पुरांचा इतिहास लिहायचाय. ऑनलाइन बातम्या आणि ब्लॉग पुरतील, की जुनी वर्तमानपत्रंच चाळावी लागतील?

कुठल्या पुरावर लिहिताय त्यावर आहे. 1969 साठी ऑनलाइनवर विसंबलात तर फसाल. 2016 साठी उलट, वर्तमानपत्रापेक्षा जास्त माल नेटवर सापडेल, पण तो निसटता आहे.

माझाच अनुभव सांगतो. पुराची कात्रणं जमवायचा मला नाद. ऑगस्ट 2016 मध्ये गोदावरी चढत होती तेव्हा एका बातमीची लिंक सकाळपासून उघडून बघत होतो. आधी पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, मग छातीला, मग गळ्याशी. (आमच्याकडे पूर फुटांत नाही, मारुतीच्या अंगावर मोजतात.) लिंक तीच, मजकूर मात्र दर वेळी नवा. रात्री उरली ती फक्त शेवटची ओळ. सकाळची कंबर गेली ती गेलीच. छापील अंकात चूक झाली तरी ती तारखेसकट तशीच राहते. इथे बातमी पुसून तिच्यावरच नवी लिहितात. सगळ्या आवृत्त्या जपल्या असत्या तर तासातासाची चढती पातळी हातात आली असती. तेव्हापासून लिंकसोबत ती पाहिल्याची वेळही वहीत लिहितो आणि पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) स्वतःच साठवून ठेवतो. आपोआप साठेल या भरवशावर राहू नका.

दुसरी गोम फॉन्टची. युनिकोड (सगळीकडे अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरलेली पद्धत) रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स आपापले फॉन्ट वापरायच्या. ती पानं आज उघडली तर नुसता अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि सर्चला त्यात ‘गोदावरी’ सापडतच नाही. तेव्हा ‘काही मिळालं नाही’ म्हणजे ‘काही नव्हतं’ असं धरू नका.

ब्लॉगचं म्हणाल तर मला ते आवडतात. भांडी बाजारात माल माळ्यावर चढवायची धांदल, वाड्याच्या जिन्यात बसून काढलेली रात्र, हे बातमीदार कधी लिहीत नव्हता, त्याला जागाच नसायची. पण हे लिहिलेलं असतं आठवणीतून, बऱ्याच वर्षांनी. एका ब्लॉगवर ‘2008 चा पूर’ म्हणून फोटो होता. मोठा करून पाहिला तर मागच्या भिंतीवर 2015 च्या सिंहस्थाचा फलक! म्हणजे पूर त्यानंतरचाच. मजकूर खोटा नव्हता, फोटो चुकीचा चिकटला होता.

1969 साठी आधी सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांची चौकशी करा, 1840 पासूनची संस्था आहे. मग पंचवटीत जुनी माणसं गाठा. त्यांना साल विचारू नका, दोन पूर हमखास एकत्र करतात. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते विचारा, पायरी दाखवायला बरोबर चालत येतात.