कॅम्परची बॅटरी चार्ज होत नाही? आधी हे बघ

भावा, लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नकोस. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आण. लाइट-पंखा बंद, चार्जर काढलेला, असं दोन-तीन तास ठेवून लेड-ॲसिड बॅटरी मोज. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२ म्हणजे बरीच उतरलेली. आता चार्जर लावून मोज. आकडा जराही हलला नाही तर दोष बहुधा चार्जर ते बॅटरीच्या वाटेत आहे:

- फ्यूज
- टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी
- चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) अर्थची वायर आवळलेला बोल्ट. गगनबावड्याचा पाऊस खाल्लेल्या गाडीत मी आधी हाच बघतो. गंज घासून लोखंड चकचकीत कर, मग घट्ट आवळ.

वायरिंगला हात लावण्याआधी चार्जरला येणारी घरची लाइन काढ, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवू नकोस, ती त्यानेच मरते. सोलर, लिथियम नंतर बघू. आकडे कळव.