हातानं शिवायची, तीही गोष्टीच्या पुस्तकावरून: बाळाची गोधडी नवशिक्या मामाला जमेल का?

भाचरू येणार म्हणून सुई हातात घेणारा मामा पहिल्यांदाच बघतेय. तुम्ही लिहिलंय की ताईच्या लहानपणी घरात म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीचं पातळसं चित्रांचं पुस्तक होतं, शिवण सुटली तरी ती ते हातातून सोडायची नाही, आणि आता त्यावरून तिच्या बाळासाठी गोधडी करायची आहे. मशीन नाही, बटण लावण्यापलीकडे काही येत नाही, हाताशी दोन महिने. जमेल. बटण लावणाऱ्याला धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली घालत सरळ पुढे जाणारा साधा टाका, यायला एक संध्याकाळ पुरते, आणि गोधडी म्हणजे बहुतेक सगळा धावदोराच.

योगायोग असा की याच गोष्टीची एक गोधडी मी पुतणीच्या मुलीसाठी शिवली आहे. त्याआधी एक बिघडवलीही आहे. बिघडली तिच्यापासून सुरुवात करते.

तेव्हा मी पुस्तकातली सगळी चित्रं कापडावर उतरवायला घेतली होती. आठ चौकोन, आठ प्रसंग. वाघ, कोल्हा, जंगल, लेकीचं घर, सगळं. बॉलपेननं रेघा मारल्या, त्या पहिल्याच धुण्यात निळ्या ढगांसारख्या पसरल्या. भोपळा लालभडक कापडाचा, त्यानं शेजारच्या म्हातारीला गुलाबी करून टाकलं. वाघाच्या अंगावर इतकं दाट भरतकाम केलं होतं की तेवढा भाग पापडासारखा कडक झाला. एवढं करून बाळानं काय केलं, तर कोपरा तोंडात घातला आणि चोखत बसलं. चित्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: पुस्तक नकलू नका. ताई त्या पुस्तकाशी काय करायची ते आठवा. बहुतेक पोरं त्या गोष्टीत एकाच पानाची वाट बघतात, भोपळ्यात म्हातारी बसलेली असते त्या. तेवढं एकच पान गोधडीवर आणा. मी मधोमध वीतभर रुंदीचा भोपळा लावला, पण फक्त खालच्या कडेनं शिवला. वरची बाजू मोकळी. झाकणासारखा खाली उलटायचा की आत म्हातारी. बाकी कापडावर एका कोपऱ्यात झुडपातून डोकावणारे वाघाचे दोन कान आणि समोरच्या कोपऱ्यात लेकीच्या घराचं दार, एवढंच. कोल्हा मी गाळला. तुम्हाला हवा असेल तर घ्या, पण माझ्या मते गर्दी होते.

आता कापड. नवीन काही आणू नका. घरातलं जुनं सुती नऊवारी लुगडं शोधा, आजीचं, आत्याचं, कुणाचंही. पन्नास धुणी खाल्लेलं कापड बाजारात विकत मिळत नाही. हिशेबही सोपा आहे. लुगडं नऊ वार, वार म्हणजे ३६ इंच, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंच. म्हणजे एकेका वाराचा तुकडा काढला की ३६ बाय ४५ची बाळाची गोधडी आपोआप मापात मिळते. नऊ तुकड्यांतले निऱ्यांचे आणि कासोट्याचे विरलेले बाजूला काढा, उरलेल्यांतले चांगले तीन घ्या. वरचा चौथा थर आजोबांच्या धोतराचा, म्हणजे चित्र उठून दिसतं. एक मात्र बघा: गडद लुगडं धोतरातून खालून झिरपल्यासारखं दिसतं, त्यामुळे धोतराचे दोन पदर घ्यावे लागले तर घ्या. आत सिंथेटिक भरण अजिबात नको. आपल्याकडच्या हवेत बाळ घामेजून जातं.

भोपळ्याचं आणि वाघाचं कापड लावण्याआधी भिजवून पांढऱ्या रुमालानं जोरात घासा. मिठाच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या काकू सांगतात, त्यावर विसंबू नका. रुमालाला रंग लागला की ते कापड बाद. रेघांसाठी शिंप्याचा खडू वापरा. आणि टिकल्या, आरसे, मणी, बटणं, लोंबणारे गोंडे यातलं काहीही लावायचं नाही. वाघाचे डोळेसुद्धा दोऱ्याचेच.

भोपळा दुहेरी कापडाचा शिवा, उलटा शिवून सुलटा काढायचा, म्हणजे कडा सुटत नाहीत. खालची शिवण दोनदा मारा, कारण सगळी ओढाताण तिथेच होणार. म्हातारी वेगळ्या गोल तुकड्यावर काढा: दोन डोळे, हसरं तोंड, मानेवर अंबाडा. अंबाड्याला पांढरा दोरा घेतला तर धोतरावर दिसतच नाही. मी राखाडी घेतला, आणि एक केस विस्कटलेला ठेवला. भोपळ्यातून गडगडत आलीय ती, वेणीफणी कुठून नीट राहणार?

शिवताना चारही थर जमिनीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा. आमच्या आईकडे वरवंटा आणि तीन डबे असत. मग बोटबोटभर लांब कच्चे टाके सगळीकडे घाला. हे टाळलंत तर थर सरकतात आणि गोधडीला पोट सुटतं. कडा आत दुमडून शिवा आणि मग कडेकडून आत, गोल गोल फेरे घेत जा. परदेशी पद्धतीत मधून बाहेर जातात, आपल्या बायका कडेनं सुरू करतात. या गोष्टीला तेच शोभतं, कारण फेरे आत आत येत शेवटी भोपळ्यापाशी थांबतात, जणू त्याचीच वाट. टाके थोडे वाकडे पडले तरी हरकत नाही. दोरा हातभरच घ्या, मेणावरून एकदा ओढा, गाठ थरांच्या आत खेचून घ्या. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, घाला, पहिल्या दिवशी नको वाटेल, तिसऱ्या दिवशी बोट दुखलं की आपणहून घालाल.

वेळेचं विचारलंय. इंचाइंचावर फेरा धरला तर ३६ बाय ४५ची एकूण शिवण १६२० इंच होते, म्हणजे ४५ वार. पाच लुगडी एकापुढे एक अंथरल्याएवढी. मला एका वाराला वीस मिनिटं लागतात, म्हणजे पंधरा तास. तुम्हाला दुप्पट धरू, तीस तास. रोज पाऊण तास बसलात तर चाळीस दिवस, वर चित्रांसाठी आठवडाभर. दोन महिन्यांत होतं, पण ‘रविवारी एकदम उरकतो’ असं म्हणू नका. एकदम बसलं की मान धरते आणि टाके लांबत जातात.

ताईला एक सांगून ठेवा. बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपताना अंगावर किंवा पाळण्यात सैल पांघरूण, गोधडी, उशी ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ही गोधडी जागेपणी जमिनीवर अंथरायची, बाळाला पालथं टाकायला, आणि तेव्हाही कुणीतरी जवळ हवं. भोपळा उलटून बघण्याचं वय तसंही पुढे येतं. आमची आठव्या-नवव्या महिन्यात लागली, आणि मग दिवसातून शंभरदा.

राहिलं ते मधलं. आमच्या घरी गोधडी पुरी होताना शेवटच्या फटीत पोळीचा तुकडा ठेवून ती बंद करायची पद्धत होती. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. बाळाच्या गोधडीत मी पोळी घालणार नव्हते, मुंग्या झाल्या असत्या. पण ही तर लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड होणाऱ्या म्हातारीची गोष्ट, तिला उपाशी कशी ठेवू? शेवटी फेरे मध्यापर्यंत आले तेव्हा भोपळ्याखाली वरच्या थराला दोन बोटांची चीर दिली, पिवळट कापडाची रुपयाएवढी चकती आत सरकवली, चार टाके घालून पक्की केली, आणि चिरेवर म्हातारीचा गोल तुकडा बसवला. बाहेरून काही कळत नाही.

चकती आत घालायच्या आधी आईला दाखवली होती. तिनं ती उलटून पालटून पाहिली आणि विचारलं, ‘‘आणि तूप?’’ मग तिच्यासमोर बसून त्या चकतीवर पांढऱ्या रेशमाचा एक ठिपका भरावा लागला.