ऑरेंज काउंटीत आपली भाजी, किराणा आणि स्वॅप मीट: कुठून काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत नवीन आलोय, घरात दोघं आणि एक लहान मूल, देशी (म्हणजे भारतीय) दुकानातली भाजी महाग पडते आणि बऱ्याचदा मरगळलेली असते, ऑफिसात कोणी म्हणालं मेक्सिकन आणि व्हिएतनामी दुकानं बघा, शनिवार-रविवारी स्वॅप मीटला, म्हणजे उघड्यावर भरणाऱ्या बाजाराला जा, पण तिथे आपल्या स्वयंपाकाचं काय मिळणार? मिळतं हो, भरपूर मिळतं. मी इथे बरीच वर्षं राहतेय, आमच्याकडे रोज पोळी-भाजी, आमटी-भात होतो आणि त्यातली बरीचशी भाजी देशी दुकानातून येतच नाही.

एक गोष्ट धरून चाला. जी वस्तू ज्या लोकांच्या रोजच्या जेवणात असते ती त्यांच्याच दुकानातून घ्यायची. कारण साधं आहे, खप. देशी दुकानात दोडका घेणारे दिवसाला मोजकेच, तो तिथे पडून राहतो, मऊ पडतो, आणि वाया जाणाऱ्या मालाचे पैसेही भावात धरलेले असतात. तोच दोडका व्हिएतनामी दुकानात ढिगाने येतो आणि ढिगाने जातो. उलट तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ या गोष्टी देशी दुकानातच खपतात, त्यासाठी दुसरीकडे शोधत फिरण्यात अर्थ नाही.

भाजीसाठी माझी पहिली पसंती लिटल सायगॉन, इथली व्हिएतनामी वस्ती. वेस्टमिन्स्टर, गार्डन ग्रोव्ह, तो बोल्सा अव्हेन्यूचा सगळा भाग. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी सायगॉन पडल्यावर जे व्हिएतनामी निर्वासित आले त्यातले खूप जण आधी कॅम्प पेंडलटनच्या लष्करी तळावर उतरले आणि मग या भागात स्थिरावले, आज व्हिएतनामच्या बाहेरची त्यांची सगळ्यात मोठी वस्ती इथे आहे. हवामान त्यांच्याकडचंही आपल्या कोकणासारखंच दमट, म्हणून भाज्याही ओळखीच्या. दुधी, दोडका, कारलं, चवळीच्या लांब शेंगा, लाल माठ, मायाळू, कच्ची पपई, केळफूल, ओली हळद, फ्रोझनमध्ये केळीची पानं आणि खवलेला नारळ. कारली दोन प्रकारची दिसतील, फिकट हिरवी मोठी गुळगुळीत ती कमी कडू, आणि छोटी काटेरी गडद हिरवी ती आपली, भरल्या कारल्याला ती घ्या. शेवग्याचा पाला हवा असेल तर फिलिपिनो दुकानात जा, तिथे मलुंगाय म्हणून मिळतो, तेही लोक आपल्यासारखेच तो आमटीत-रश्शात घालतात.

अळूचं जरा सविस्तर सांगते कारण गणपतीच्या दिवसांत हा प्रश्न मला सगळेच विचारतात. व्हिएतनामी दुकानात अळूसारखे दिसणारे जाड पोकळ देठ असतात, ते त्यांच्या आंबट सूपसाठी, त्याला पानं नसतात आणि वडीला त्याचा उपयोग नाही. वडीची पानं फिलिपिनो किंवा पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या दुकानात बघा, ताजी नसली तर फ्रोझन असतात. फ्रोझन पानं वडीला नीट गुंडाळली जात नाहीत, फतफत्याला मात्र उत्तम. आणि कुठलंही अळू असो, चिंच घालून पूर्ण शिजवायचं, त्यात कॅल्शियम ऑक्झलेट असतं त्याने घसा खाजतो, लहान मुलाला द्यायचं असेल तर आधी स्वतः चव बघा.

मेक्सिकन दुकानांत मी मुख्यतः मिरच्या, लिंबं आणि फळांसाठी जाते. नॉर्थगेट मार्केट हे अनाहाइमला १९८० मध्ये सुरू झालेलं, आता बरीच दुकानं आहेत, तुमच्या जवळ एखादं असेलच. हिरव्या मिरचीत हालापेन्यो घेऊ नका, साल जाड आणि ठेच्याला पाणी सुटतं, सेरानो घ्या, ती आपल्या तिखट मिरचीच्या बरीच जवळची. सुक्या मिरच्यांची तर भिंतच्या भिंत असते. ग्वाहियो म्हणजे रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, ब्याडगीच्या जागी चालते, आणि चिले दे आर्बोल बारीक लाल तिखट, फोडणीला आणि लसणाच्या चटणीला. दोन्ही भाजून एकत्र कुटून मी कांदा-लसूण मसाला करते आणि घरी आलेले कोल्हापूरचे पाहुणेसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेतात. लिंबं छोटी पातळ सालीची घ्या, ती आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची. सुपरमार्केटमधली मोठी बिनबियांची हिरवी लिंबं वेगळ्या जातीची आहेत, लोणच्याला तो वास येत नाही.

घोळाची भाजी आवडते का? तिथे वेर्दोलागास नावाने जुड्या असतात, तीच घोळ, ताकातली करा. वाळलेली लाल अंबाडीची फुलं मिळतात (तिथे त्यांना हामायका म्हणतात), उन्हाळ्यात सरबत करा, सुंदर रंग येतो. पेरू, चिंच, ऊस, मोसमात चिकू पण दिसतो. पिलोन्सियो म्हणजे उसाच्या रसाचे शंकूसारखे गुळाचे खडे, आमटीत आणि चहात छान लागतो, पण तिळगुळाला चिकीचा गूळ देशी दुकानातूनच आणा. मासा हारिना हे पीठ मक्याचं असलं तरी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून केलेलं असतं, त्याचा वास आणि चव वेगळी, आपल्या मक्याच्या भाकरीसाठी ते नको.

आंब्याचं पण इथेच सांगून टाकते. भारतातून अमेरिकेत आंबा येणं २००७ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण तो विकिरण करून विमानाने येतो त्यामुळे पेटीचा भाव ऐकून घाम फुटतो. वर्षातून एक पेटी आणा, घरच्यांच्या आनंदासाठी आणायलाच हवी. पण बाकीच्या मोसमात मेक्सिकोचा अताउल्फो, तो पिवळा छोटासा चपटी कोय असलेला, पेटीभर घ्या, साल सुरकुतायला लागेपर्यंत बाहेर ठेवा आणि मगच आमरस काढा. हापूस नाही तो, तरी पुरीबरोबर मन लावून खाल.

पालेभाज्यांसाठी अर्व्हाइनची इराणी दुकानं. शेपू, मेथी, कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात यांच्या एवढ्या मोठ्या जुड्या दुसरीकडे दिसत नाहीत कारण त्यांच्या भात-भाजीत पालेभाज्याच मुठी-मुठीने पडतात. मार्चमध्ये नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आसपास तर विचारू नका, ढीग लागलेले असतात. सुका मेवा आणि खजूरही तिथलाच चांगला. मटणासाठी अनाहाइमला ब्रुकहर्स्ट स्ट्रीटवर लिटल अरेबिया हा अरब दुकानांचा भाग आहे, बकऱ्याचं मागा, नुसतं मटण म्हटलं तर मेंढीचं देतील, आणि रश्शाला तुकडे कसे हवेत ते सांगा, कापून देतात. मासे व्हिएतनामी किंवा चिनी दुकानात, साफ करून देतात. पापलेट घेताना गोल्डन पॉम्पानो नाव दिसलं तर तो आपला पापलेट नव्हे, वेगळा मासा आहे, खायला वाईट नाही पण भाव पापलेटचा देऊ नका. सुके सोडे मेक्सिकन आणि व्हिएतनामी दोन्हीकडे असतात.

मग देशी दुकानात काय घ्यायचं? आर्टेशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर महिन्यातून एक फेरी मारा. डाळी, पोहे, साबुदाणा, वरीचे तांदूळ, गोडा मसाला, भाजणी, ज्वारी-बाजरीचं पीठ. बाजरीच्या पिठाची पॅकिंगची तारीख वाचल्याशिवाय पिशवी उचलू नका, त्यात तेलाचा अंश जास्त असतो, पीठ लवकर कडू होतं, घरी आणलं की सरळ फ्रीझरमध्ये. साबुदाणा दुसऱ्या आशियाई दुकानातून स्वस्त म्हणून आणू नका, ते मोती खिरीसारख्या गोड पदार्थांसाठी असतात, खिचडीचा गोळा होतो. दुकानातला माणूस मराठी-गुजराती-हिंदी काहीतरी बोलणारा असतो, त्याला विचारा ताजा माल कुठल्या वारी येतो, आणि त्या दिवशीच जा.

आता स्वॅप मीट. दक्षिण कॅलिफोर्नियात याची परंपरा जुनी आहे, ड्राइव्ह-इन थिएटरची आवारं दिवसा रिकामी असायची तिथे हे बाजार भरायला लागले, सांता फे स्प्रिंग्जचं स्वॅप मीट अशाच जुन्या ड्राइव्ह-इनच्या जागेवर आहे. हंटिंग्टन बीचला गोल्डन वेस्ट कॉलेजच्या पार्किंगमध्येही शनिवार-रविवार भरतं. काही ठिकाणी आत जायला थोडे पैसे लागतात, काही ठिकाणी नाही, आणि वेळा बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. गावाकडच्या आठवडी बाजाराची ज्यांना सवय आहे त्यांना तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं, ताडपत्र्या, ओरडणं, पोरंबाळं, भाजलेल्या मक्याचा वास.

तिथे मी भाजीपेक्षा भांड्यांसाठी जाते, आणि यात खरंच पैसे वाचतात. मेक्सिकन स्वयंपाकघर आणि आपलं, भांड्यांच्या बाबतीत सख्ख्या जावांसारखं आहे. त्यांचा कोमाल म्हणजे लोखंडाचा सपाट तवा, भाकरीला नंबर एक. तामाले (गुंडाळून उकडलेला त्यांचा मक्याच्या पिठाचा पदार्थ) उकडायचं उंच भांडं आत जाळी असलेलं मिळतं, त्यात एका वेळी मोदकांचा मोठा घाणा निघतो आणि अळूवड्याही उकडतात. तोर्तिया, म्हणजे त्यांच्या पातळ पोळ्या, दाबायचं यंत्र पुऱ्यांना आणि तांदळाच्या पापड्यांना वापरा, वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून. मोल्काहेते म्हणजे तीन पायांचा दगडी खल, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा त्यात करून बघाच. पण तो खऱ्या काळ्या दगडाचा आहे का बघून घ्या, सिमेंटचेही असतात. घरी आणल्यावर मूठभर तांदूळ आणि मीठ घालून वाटायचं, आधी करडी पूड निघते, परत परत वाटलं की पांढरी यायला लागते. कितीही वाटलं तरी करडी भुकटी थांबत नसेल तर ते वापरू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते कारण घरात लहान मूल आहे म्हणालात. रंगीत चकचकीत मातीची भांडी दिसायला फार सुंदर असतात, पण पारंपरिक झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थाने ते अन्नात उतरतं, ती शोभेला ठेवा, आमटी-सार-दही त्यात अजिबात नको. जुनी कार सीट घेऊ नका, तिला मुदत असते आणि ती अपघातातून आलीय का हे बाहेरून कळत नाही. बाळाचा पाळणा एका बाजूची कडा खाली सरकणारा असेल तर नको, तसल्या पाळण्यांच्या विक्रीवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे. औषधं आणि बाळाच्या दुधाचे डबे तर मुळीच नाही, उन्हात किती वेळ राहिलेत कोणाला माहीत. पुस्तकं, लाकडी खेळणी, छोटी सायकल, बागेची अवजारं, हे बिनधास्त घ्या.

रोपं पण मिळतात आणि कढीपत्त्याचं रोप दिसलं की आपल्या माणसाचा हात लगेच पुढे जातो. थोडं थांबा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, आणि लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा बारीक किडा त्याच्यावरही राहतो. कॅलिफोर्नियात तो रोग २०१२ मध्ये हॅसिएंडा हाइट्सला पहिल्यांदा सापडला, त्यानंतर आपल्या काउंटीतही, म्हणून अशी झाडं इकडून तिकडे न्यायला निर्बंध आहेत. रोप परवानाधारक नर्सरीतूनच घ्या, मैत्रिणीकडून दुसऱ्या गावचं कलम आणू नका आणि भारतातून तर नकोच. या रोगाला अजून औषध नाही, शेजाऱ्याच्या परसातलं संत्र्याचं झाड त्यात जातं.

घासाघीस स्वॅप मीटला चालते, दुकानात नाही. रोख ठेवा, पाच-पाच, एक-एकच्या नोटा. माल चांगला हवा असेल तर उघडताना जा, भाव कमी हवा असेल तर आवराआवर सुरू होताना, त्यांना परत गाडीत भरायचा कंटाळा असतो. दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन एक भाव विचारा, हसून विचारा, स्पॅनिशचे चार शब्द शिकून घ्या, म्हाताऱ्या बायकांना सेन्योरा म्हणा. फार पाडून मागू नका, त्या पहाटे उठून आलेल्या असतात.

फेरी आखताना आधी स्वॅप मीट, मग भाजी, आणि मासे-मटण अगदी शेवटी. गाडीत आइसबॉक्स कायम ठेवा, इथे ऑक्टोबरपर्यंत ऊन असतं. भावाच्या पाट्या पाउंडावर आहेत की नगावर ते बघा, पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, तेवढा हिशेब जमला की कुठलं दुकान खरंच स्वस्त ते महिनाभरात तुमचं तुम्हालाच कळेल.