बासरी कुणी जपून ठेवली?

प्रश्न : सप्रेम नमस्कार ताई. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी नववीतल्या नातवाबरोबर परदेशी विज्ञानमालिका बघतो. दर भागात तेच. यान नव्या ग्रहाशी पोचतं, संकट येतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी यंत्राच्या तारा इकडच्या तिकडे केल्या की सुटतं. परवा 'स्टार ट्रेक' बघताना कोण मरणार हे नातवानं आधीच सांगितलं आणि तोच मेला. "आजोबा, लाल शर्ट!" म्हणाला. इतकं ठरलेलं असेल तर आमचा वेळ वाया जातोय का?
– एक आजोबा, मुलुंड

उत्तर : नमस्कार काका. नातवाची नजर पक्की आहे. १९६६ साली सुरू झालेल्या त्या मूळ मालिकेत सुरक्षा पथकाचा गणवेश लाल होता आणि ग्रहावर उतरलेला अनोळखी लाल शर्टवाला परत यायचा नाही, हे प्रेक्षकांना पाठ झालं होतं.

हा साचा कसा पडतो ते मी आतून पाहिलंय. नव्वदच्या दशकात अंधेरीच्या एका स्टुडिओत मी संकलक होते. मुलांच्या एका अंतराळमालिकेचे भाग माझ्याकडे यायचे. आधी ब्रेक कुठे ते ठरायचं, गोष्ट मागाहून. ब्रेकच्या तोंडाशी दार बंद व्हायलाच हवं, नाहीतर कुणीतरी किंचाळायला हवं. सेट एकच, यानाचा. म्हणून कथाही यानातच अडकायची. पैशाची ओढाताण तिकडेही होतीच. 'स्टार ट्रेक'मधली माणसं क्षणात ग्रहावर प्रकटतात, कारण दर आठवड्याला यान उतरवून दाखवणं त्यांना परवडत नव्हतं. पुढे अमेरिकेत अशा मालिका पुनःप्रसारणासाठी स्थानिक वाहिन्यांना विकल्या जायच्या. तिथे भाग मागेपुढे लागले तरी चालायला हवेत, म्हणून भाग संपताना सगळं पुन्हा जिथल्या तिथे.

हे 'जिथल्या तिथे' मला फार लागतं. आमच्या एका भागात एक मुलगी परग्रहावरच्या मैत्रिणीला कायमची सोडून येते. शेवटी मैत्रिणीनं दिलेला दगड हातात धरून ती गप्प बसते, असा चाळीस सेकंदांचा शॉट होता. निर्माते म्हणाले, "काढ तो, पुढच्या भागात ती हसत येणार आहे." मी काढला. भांडायला हवं होतं, काका. सगळी गोष्ट त्या चाळीस सेकंदांत होती.

शेवट माहीत असणं हा मला दोष वाटत नाही. लहानपणी दादरला आजीबरोबर कीर्तनाला जायचे. आधी पूर्वरंग, मग बुक्का, मग उत्तररंगातलं आख्यान, सगळं ठरलेलं. हरिश्चंद्राला राज्य परत मिळणार हे आजीला माझ्या वयाची असल्यापासून ठाऊक. तरी तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात आली की आजीचा पदर डोळ्यांना लागायचाच. कीर्तनकार त्या स्मशानात थांबायचे. घाईनं राज्याकडे पळायचे नाहीत.

तेव्हा नातवाला लाल शर्ट खुशाल ओळखू दे. फक्त त्याला म्हणावं, मेलेल्याचं नाव पुढच्या भागात कुणी घेतं का, तेही बघ. बहुतेक वेळा घेत नाहीत, आणि मालिका तिथे खोटी पडते.

या रविवारी दोघं मिळून 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मधला १९९२ सालचा 'द इनर लाइट' हा भाग बघा. कप्तान पिकार्ड यानावर अर्ध्या तासाहूनही कमी वेळ बेशुद्ध पडतो आणि तेवढ्यात एका नष्ट झालेल्या ग्रहावर उभं आयुष्य जगतो. संसार होतो, मुलं होतात, तुमच्यासारखा आजोबाही होतो. शुद्धीवर येतो तेव्हा यान तसंच, माणसं तशीच. साच्याचे सगळे नियम पाळलेत. पण तिथे शिकलेली छोटी बासरी त्याच्या हातात उरते आणि ती त्याला वाजवता येते. पुढच्या वर्षी आणखी एका भागात ती पुन्हा दिसते.

शेवटी तो एकटा वाजवतो, तेव्हा श्रेयनामावली संपेपर्यंत रिमोट नातवाच्या हाती देऊ नका.