ऑफिस सुटतं, पण डोक्यातून सुटत नाही

प्रश्न : घरी यायला रात्रीचे आठ होतात. जेवतानाही अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत असतात. मुलगा काही सांगतो आणि मी नुसती 'हं हं' करते. मेसेज तर अकरापर्यंत येतात. तास कमी होण्यासारखे नाहीत. काय करू?

उत्तर : तास हातात नसतील, तर निदान दिवस मिटवणं हातात घ्या. अर्धवट काम टोचत राहतं हे खरं, पण टोचणी थांबायला ते पूर्णच व्हावं लागतं असं नाही. मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की उरलेलं काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की ते मध्येच मनात डोकावणं बरंच कमी होतं.

म्हणून निघण्याआधीची १५ मिनिटं राखून ठेवा. कॅलेंडरवर ती अडवूनच ठेवा, नाहीतर नेमकी तिथेच कोणीतरी मीटिंग लावतं. आधी उरलेलं सगळं कागदावर उतरवा. मग प्रत्येक कामापुढे पहिली कृती आणि वेळ लिहा. गडबड होते ती इथेच. 'अहवाल' एवढंच लिहून काही उपयोग नाही. 'साडेनऊला अकाउंट्सकडून मार्चचे आकडे मागवणे' असं लिहिलं तरच मन ते काम सोडतं. यादी फार लांबली तर उद्याची तीन कामं निवडा, बाकीच्यांपुढे वार टाका. कागद ऑफिसातच राहू द्या.

आता मेसेज. साहेबांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, प्रस्ताव घेऊन जा : 'आठ ते दहा मी फोन बघणार नाही. खरंच अडलं तर कॉल करा, उचलेन. बाकीच्या मेसेजना सकाळी साडेनऊपर्यंत उत्तर मिळेल.' बहुतेक वरिष्ठांना खात्री हवी असते, चोवीस तास हजेरी नव्हे. फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि दोन-तीन नंबरांनाच सूट द्या. मग मात्र स्वतःच तो नियम मोडू नका. अधूनमधून रात्री नऊला उत्तर देणं हे रोज देण्याइतकंच महागात पडतं, कारण वाट पाहिली तर उत्तर येतं हे समोरच्याला कळतं. रात्री काही सुचलंच तर मेसेज लिहून ठेवा, पण तो सकाळी जाईल अशी वेळ लावा.

प्रश्न : मी तिशीत आहे, आठवड्याला ६० तास काम करतो. चार-पाच वर्षं असंच चाललं तर काय बिघडतं?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ मधल्या संयुक्त अभ्यासानुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. त्यातले बहुतेक मृत्यू साठीनंतरचे, त्यामुळे तिशीत काही जाणवत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दोन आठवडे तास लिहून काढा : मीटिंग, प्रत्यक्ष काम, दुसऱ्यांदा केलेलं काम. पाच तास कमी करायचे तर आधी तिसऱ्या रकान्यात शोधा. सूचना अर्धवट घेऊन सुरू केलेली कामं बहुधा तिथेच सापडतात.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. नवरा म्हणतो, 'तू सांग, मी करतो.' तरी दमते मीच.

उत्तर : गोम त्या 'सांग'मध्येच आहे. लक्षात ठेवणं, ठरवणं आणि करणं मिळून एक काम होतं, आणि त्यातली पहिली दोन तुमच्याकडेच राहिली आहेत. काम वाटायचं तर अख्खं वाटा. उदाहरणार्थ, मुलांचं दवाखान्याचं खातं नवऱ्याचं : तारीख लक्षात ठेवणं, वेळ घेणं, सुट्टी टाकणं, नेऊन आणणं. सुरुवातीला एखादी गोष्ट राहून जाईल. ती औषधासारखी गंभीर नसेल तर धावून जाऊन सावरू नका. सावरलंत की काम पुन्हा तुमच्याकडे आलंच. आठवड्यातून एकदा २० मिनिटं दोघांनी कॅलेंडर घेऊन बसा आणि कोणाला कधी उशीर होणार ते आधी टिपा. बोलणं पुढच्या आठवड्याचंच ठेवा. मागच्या आठवड्यात कोण काय विसरलं हा विषय निघाला, की ती २० मिनिटं भांडणातच जातात.