वाचकांचे प्रश्न : काओरची तुरट वाइन

प्रश्न : काओरची तीन वर्षांची बाटली उघडली. पहिल्याच घोटाला जीभ टाळ्याला चिकटली. वाइन बिघडली होती का?

उत्तर : नसावी. बुचाने बिघडलेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हवेने बिघडलेलीला व्हिनेगरचा. नुसता तुरटपणा हा काओरचा स्वभावच आहे. नैऋत्य फ्रान्समधल्या लोत नदीकाठच्या या वाइनमध्ये नियमाने किमान ७० टक्के माल्बेक द्राक्ष लागतं. उरलेला भाग मेर्लो किंवा ताना या द्राक्षांचा. सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की तोंड कोरडं पडतं.

तरुण बाटलीला हवा द्यावी लागते. बूच काढून ठेवली म्हणजे हवा लागली, हा समज चुकीचा. बाटलीच्या मानेत हवेला भिडणारा भाग जेमतेम नाण्याएवढा असतो. रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात सगळी वाइन धबधब्यासारखी ओता आणि तास-दीड तास तशीच राहू द्या. ओतल्या ओतल्या एक घोट चाखून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

तापमानही पाहा. १६ ते १८ अंश ठीक. खोली उकाड्याची असेल तर बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नाकात फळाऐवजी अल्कोहोल शिरतं. पण फार गारही नको, गारव्याने तुरटपणा आणखी बोचतो.

बारा-पंधरा वर्षांच्या बाटलीची गोष्ट वेगळी. तिला आदल्या दिवशीच उभी करा, गाळ तळाला बसतो. मानेखाली दिवा धरून एका संथ धारेत ओता. गाळाची रेघ खांद्याशी आली की हात थांबवा. तिला तासभर उघडी ठेवू नका, उरलासुरला सुगंध उडून जातो.

प्रश्न : फ्रान्सहून बदकाच्या काँफीचा, म्हणजे चरबीत मंद शिजवलेल्या तंगड्यांचा, डबा आणला आहे. काओरबरोबर चालेल का? गरम कसा करायचा?

उत्तर : याहून चांगली जोडी शोधूनही सापडणार नाही. मांसातली प्रथिनं टॅनिनला गुंतवतात, मीठ कडवटपणा दडपतं, आणि चरबीचा जिभेवर बसलेला थर वाइन उतरवते.

डबा थेट उघडू नका. आधी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. थिजलेल्या चरबीतून तंगडी ओढून काढली की कातडी फाटते, आणि काँफीची खरी मजा कातडीतच आहे. काढलेल्या तंगड्या टिपून घ्या. थंड, कोरड्या तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवून मंद ते मध्यम आचेवर दहाएक मिनिटं राहू द्या. मध्ये हलवू नका. सुटायला आली की ती स्वतःहून सुटते. मग उलटून दोन-तीन मिनिटं. मोठ्या आचेवर कातडी करपते आणि आतलं मांस गारच राहतं.

डब्यातली चरबी टाकून देणं हा अपराध समजा. दोन चमचे चरबीत बटाट्याच्या पातळ चकत्या परता, शेवटच्या दोन मिनिटांत ठेचलेला लसूण आणि पार्स्ली घाला. लसूण आधी घातला तर जळून कडू होतो, आणि तो कडूपणा वाइनमध्येही जाणवतो. बटाट्यात मीठ चाखूनच घाला, चरबी आधीच खारट असते.

याच धर्तीवर पांढरा घेवडा आणि मांस एकत्र शिजवलेला कासुले किंवा भाजलेलं कोकरू. मात्र वाफवलेली कोंबडी नको. चरबी नाही, मग सगळा तुरटपणा जिभेवरच येतो.

प्रश्न : मासे आणि चीज?

उत्तर : मासे नकोतच. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात उग्र वास उठतो. चीजमध्ये त्याच भागातलं बकरीच्या दुधाचं रोकामादूर घ्या, पण थोडं मुरलेलं. निळ्या बुरशीचं रोकफोर गोड वाइनसाठी राखून ठेवा.

प्रश्न : माल्बेक तर अर्जेंटिनाचं ना?

उत्तर : मूळ नैऋत्य फ्रान्सचंच. काओरमध्ये त्याला ‘को’ म्हणतात. मिशेल पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने १८५३ मध्ये ते अर्जेंटिनात नेलं. काओरचे मळे मात्र आधी फायलोक्सेरा या वेलीची मुळं खाणाऱ्या किडीने आणि पुढे फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने जवळजवळ संपवले होते. नवी लागवड होऊन १९७१ मध्ये प्रदेशनामाची, म्हणजे नियम पाळणाऱ्या तिथल्याच वाइनला ‘काओर’ हे नाव लावण्याची, मान्यता मिळाली. ही मान्यता फक्त रेड वाइनला आहे, म्हणून ‘पांढरी काओर’ कुठे दिसली तर लेबल नीट वाचा.

प्रश्न : तिकडच्या एका खाणावळीत म्हातारी माणसं सूपच्या वाडग्यात वाइन ओतताना दिसली. हे काय?

उत्तर : याला ‘शाब्रो’ म्हणतात. सूप तळाशी चार चमचे उरलं, अजून गरम असलं, की त्यात तेवढीच किंवा थोडी जास्त रेड वाइन ओतायची, वाडगा फिरवायचा आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावून प्यायचं. चमचा लावायचा नाही. उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली की दोन-तीन दिवस टिकते, आणि शाब्रोला दुसऱ्या दिवशीची काओरही चालते.