व्याख्या नंतर, आधी ऱ्हिओचं पान

अकरावीला पेशीपटलातून (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून) होणारं वहन आलं की सगळे आधी व्याख्या घोकतात. मीही घोकल्या, आणि तोंडी परीक्षेत 'पाणी कुठून कुठे गेलं?' एवढ्यावरच त त प प झालं. तू आधी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान घे. खालच्या जांभळ्या बाजूची साल पातळ काढ (जाड निघाली की सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चिखल), मिठाच्या दाट पाण्याचा थेंब टाक आणि काही मिनिटं नीट बघत राहा. जांभळा रंग पेशीभित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. पाणी बाहेर गेलं, भिंत मात्र जागच्या जागी. पेशीपटलातून पाणी असं दाट द्रावणाकडे जातं, हेच परासरण. साधं पाणी दिलंस की रंग पुन्हा पसरतो.

ग्लुकोज, सोडियम यांना पेशीपटलाच्या मेदाच्या दुहेरी थरातून असं सहज जाता येत नाही. त्यांना प्रथिनांची दारं लागतात. त्यातलंच एक प्रथिन, सोडियम-पोटॅशियम पंप, एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूमागे) 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. हे आकडे उलटे लिहिणारे दरवर्षी भेटतात! याच पंपामुळे आतड्याच्या पेशीत सोडियम कमी राहतं. म्हणून बाहेरचं सोडियम आत शिरतं आणि शिरताना ग्लुकोजला सोबत घेतं, मागोमाग पाणी. जुलाबात मिठाबरोबर साखर देतात ती चवीसाठी नव्हे. आणि ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कधी कालवू नकोस. दाट झालं की पाणी उलट पेशींतून आतड्याच्या पोकळीत ओढलं जातं, त्या ऱ्हिओसारखंच.